हिरोला ‘नाही’ कोण म्हणतं?

सिनेमा पाहून बाहेर आलो की हल्ली मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या सिनेमात हिरोला ‘नाही’ कोण म्हणालं?

गुंड म्हणतात ते धरायचं नाही. गुंडांचं कामच ते, आणि पुढच्या मिनिटाला आपण काचेतून बाहेर फेकले जाणार हे त्यांनाही ठाऊक असतं. मी विचारतोय ते अशा माणसाबद्दल, ज्याचं म्हणणं हिरोला ऐकून घ्यावं लागतं, ज्याच्या नकारामुळे त्याला वाट बदलावी लागते, किंवा न बदलल्याची किंमत मोजावी लागते. आई, बायको, मित्र, मास्तर, घरमालक, पोलीस, कुणीही चालेल. गेल्या सात-आठ वर्षांत तुफान चाललेल्या बहुतेक सिनेमांना मी हा प्रश्न विचारून पाहिला. उत्तर बहुधा येतं: कुणीच नाही.

‘हल्लीच्या सिनेमात गोष्टच नसते’ हे वाक्य प्रत्येक पिढी चाळिशी ओलांडली की म्हणते. त्यामुळे ते म्हणणाऱ्याकडे तरुण लोक दयेने बघतात आणि बरोबरच करतात. शिवाय ते खरंही नाही. हल्लीच्या सिनेमात गोष्टी चिक्कार असतात. नायकाचं बालपण, आईचं मरण, आजोबांचा खून, हरवलेला भाऊ, गुप्त संघटना, दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेलं रहस्य. तीन तासांत तीन पिढ्या. घटनांची टंचाई कुठेच नाही. टंचाई आहे विरोधाची. आणि विरोध नसला की घटना एकमेकींना चिकटत नाहीत, रेशनच्या दुकानासमोर उभ्या असल्यासारख्या नुसत्या रांगेत उभ्या राहतात. माझी तक्रार एवढीच आहे.

‘दीवार’ (१९७५) घ्या. हा काही समांतर सिनेमा नव्हे. यश चोप्रांचं दिग्दर्शन, सलीम-जावेदची पटकथा, टाळ्या घेणारे संवाद, गोदीतली मारामारी, बिल्ला नंबर ७८६. शुद्ध धंद्याचा सिनेमा. अमिताभ बच्चन त्यात आजच्या कुठल्याही ताऱ्याइतकाच मोठा दिसतो. आता त्याला नाही म्हणणारी माणसं मोजा. आई त्याच्या पैशाने घेतलेलं घर सोडून जाते. भाऊ त्याच्यापुढे कागद ठेवतो आणि सही कर म्हणतो. पण माझ्या मते ‘दीवार’चा कणा या दोघांच्याही गाजलेल्या संवादांत नाही, तो एका छोट्या प्रसंगात आहे. पोलीस असलेला रवी एका पळणाऱ्या पोरावर गोळी झाडतो. जवळ जाऊन बघतो तर पोराने पाव चोरलेले. रवी खायला घेऊन त्याच्या घरी जातो. पोराची आई त्याला वाट्टेल ते बोलते. आणि मग त्या पोराचा बाप, निवृत्त मास्तर, ए. के. हंगल, बायकोला थांबवतो. चोरी ती चोरी, पावाची काय आणि लाखाची काय, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. तोपर्यंत रवी भावाचं प्रकरण हातात घ्यायला तयार नसतो. त्या घरातून बाहेर पडल्यावर तो ते घेतो.

बघा हं, पाच मिनिटांचं हे पात्र आहे. त्याला पूर्वेतिहास नाही, पार्श्वसंगीत नाही, पुढे ते परत येतही नाही. पण ते नसतं तर सिनेमाचा शेवट झाला नसता. आईने धाकट्याच्या हातात बंदूक द्यायची, त्याचा हात थरथरू नये म्हणून प्रार्थना करायची, आणि मग देवळात जाऊन थोरल्याची वाट बघायची, हा शेवट त्या मास्तराने शक्य केलाय. माझ्या लेखी गोष्ट म्हणजे हेच. एका माणसाचं म्हणणं दुसऱ्याच्या आयुष्यात शिरतं आणि तिसऱ्याचा जीव घेतं.

‘दीवार’ सगळा एका सत्कार समारंभाच्या चौकटीत बसवलाय. रवीला पदक मिळतंय, आणि ते स्वीकारायला आईला बोलावलंय. म्हणजे ज्या कामगिरीबद्दल टाळ्या वाजताहेत, त्या कामगिरीत त्या बाईचा दुसरा मुलगा मेलाय. सत्कार हीच जखम आहे.

आता ‘केजीएफ’ (२०१८ आणि २०२२) आठवा. त्यालाही चौकट आहे. एक ज्येष्ठ पत्रकार एका वाहिनीच्या संपादिकेला रॉकीची कहाणी सांगतो. दुसऱ्या भागात हे काम त्याचा मुलगा करतो. या निवेदकाचं काम काय? रॉकी दारातून आत यायच्या आधी रॉकी येतोय हे सांगणं. तो आल्यावर आला म्हणून सांगणं. मग तो गेल्यावर कोण होता तो, हे सांगणं. तेलुगू-कन्नड चाहत्यांच्या बोलीत याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. हिरोला लिफ्टमध्ये घालून वर न्यायचं. लिफ्टला गच्ची नसते. ‘केजीएफ’मधली ती काळी-करडी धूळ, त्या खाणीचा भेसूर अंधार, याबद्दल मला आदरच आहे. पण रॉकीला अडवणारं कोण आहे? आईला दिलेल्या वचनावर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे आणि ती आई केव्हाच वारलेली आहे. मेलेली आई नाही म्हणू शकत नाही. हल्लीच्या सिनेमांत आया इतक्या लवकर का मरतात, याचं एक उत्तर हे असावं. नायिका सुरुवातीला नाही म्हणते खरं, पण तिचा नकार हा होकाराआधीचा उशीर, एवढंच त्याचं मोल.

आणि ‘अ‍ॅनिमल’ (२०२३). तीन तास एकवीस मिनिटं. त्यातल्या हॉटेलच्या मारामारीबद्दल आपल्याकडे विशेष प्रेमाने बोललं गेलं, कारण उपेंद्र लिमये ती अजस्र बंदूक घेऊन येतो आणि मागे अजय-अतुलचं ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधलं डॉल्बीचं गाणं वाजतं. मी पाहिलं त्या खेळाला थेटरात शिट्ट्यांनी कान बधिर झाले होते. मीही हसलो. मजेशीर आहेच ते. पण नंतर काय? त्या इमारतीत किती माणसं मेली, हे सिनेमात कुणी मोजत नाही. पोलीस, खटला, पेपर, शेजारपाजार, मेलेल्यांच्या बायका, यातलं काही म्हणजे काही त्या कथानकाच्या जवळपास फिरकत नाही. इतकं मोठं कृत्य आणि त्यावर जगाचं काहीच म्हणणं नाही! नायकाला जबर दुखापत होते, तेवढंच. बॉबी देओलचा खलनायक तर मुका आहे. मला हे फार बोलकं वाटतं. ज्याने नायकाशी वाद घालायचा, ज्याच्या बाजूने काही म्हणणं असायला हवं, त्याची वाचाच लेखकाने काढून घेतलीय.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. रश्मिका मंदानाची गीतांजली करवा चौथच्या रात्री नवऱ्याला जाब विचारते, त्याच्यावर ओरडते, पुढे मुलांना घेऊन निघूनही जाते. सिनेमातला सगळ्यात जिवंत प्रसंग तोच आहे, आणि तो जिवंत का आहे हे मी वर सांगितलेलंच आहे. एवढा एक प्रसंग लिहिता येतो, म्हणजे लिहिण्याची अक्कल नाही असं नाही. पण तिच्या जाण्याचं ओझं सिनेमाला पेलवत नाही. श्रेयनामावली संपत नाही तोच पुढच्या भागाची जाहिरात करणारा रक्तपात सुरू होतो.

इथे कुणीतरी म्हणणार, पूर्वी काय सगळे ‘दीवार’च निघत होते का? नाही. ऐंशीच्या दशकातले हिंदी सिनेमे ज्याने थेटरात बसून पाहिलेत, त्याला जुन्या काळाचे गोडवे गायला तोंड नाही. कचरा तेव्हाही ढिगाने होता. मी तुलना करतोय ती कचऱ्याची कचऱ्याशी नाही. शिखराची शिखराशी करतोय. ज्या सिनेमावर सगळ्यात जास्त पैसा लागला, ज्याने तो सगळ्यात जास्त परत आणला, ज्याची नक्कल पुढची दहा वर्षं होणार, त्या सिनेमाच्या पोटात काय आहे? १९७५ साली ‘शोले’च्या पोटात जयचं मरण होतं आणि ठाकूरच्या सुनेचं पुन्हा एकटं पडणं होतं. आजच्या शिखराच्या पोटात पुढच्या शिखराचा ट्रेलर असतो.

हे फक्त रडक्या, गंभीर सिनेमांचं लक्षण आहे असंही समजू नका. आपल्या मराठीतलं सगळ्यात लाडकं उदाहरण विनोदी आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) अख्खा एका नकारावर उभा आहे. लीलाबाई काळभोर म्हणतात, जागा मिळेल ती जोडप्यांना. बस्स. या एका अटीतून दोन मित्र लुगडं नेसतात, एका खोट्यापायी दुसरं, दुसऱ्यापायी तिसरं, आणि आपण पस्तीस वर्षांनंतरही तेच संवाद पाठ म्हणतो. आता हाच सिनेमा आजच्या हिशेबाने करा. धनंजय माने स्लो मोशनमध्ये वाड्यात शिरतील, लीलाबाई त्यांचं नाव ऐकूनच किल्ली देतील. अर्ध्या तासात सिनेमा संपला. बाकीचे दोन तास चाल दाखवावी लागेल.

किंवा ‘पिंजरा’ (१९७२). शांतारामबापूंचा रंगीत, गाण्यांनी भरलेला, तमाशाचा फड, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. लोक गाण्यांसाठी पुनःपुन्हा गेले. पण ज्या गोष्टीवर ती गाणी टांगलेली आहेत, ती बघा: गावाला तमाशापासून वाचवायला निघालेले गुरुजी स्वतःच त्यात बुडतात, मेले म्हणून गावात त्यांचा पुतळा उभा राहतो, आणि शेवटी ते स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली सापडतात. सुटायचं तर ‘मीच तो’ म्हणावं लागणार, आणि म्हटलं तर पुतळा कोसळणार. नायकाला नाही म्हणणारा इथे त्याचाच पुतळा आहे! धंद्याच्या सिनेमाने हे पेललं होतं, आणि लुगड्याचा पदर सावरत आलेल्या बायाबापड्यांना ते समजलं होतं.

खर्च आणि भव्यता यांना मी दोष देत नाही. ‘बाहुबली’ (२०१५ आणि २०१७) याहून भव्य काय असणार? तरी त्याला माझ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. देवसेना शिवगामीने पाठवलेली सोयरीक नाकारते, दागदागिन्यांसकट. भर दरबारात ती बोलते, आणि त्या बोलण्याचे परिणाम तिला पंचवीस वर्षं साखळदंडात भोगावे लागतात. आणि ज्याच्या नावाने अख्ख्या देशाने दोन वर्षं एकच प्रश्न विचारला, तो कटप्पा कोण? ज्याला नाही म्हणायची मुभाच नाही असा गुलाम. एका माणसाने नाही म्हणायला हवं होतं आणि तो म्हणू शकला नाही, यावर देशाला ताटकळत ठेवता येतं. हत्ती, धबधबे आणि ताडाच्या झाडांवरून उडणारे सैनिक हे नंतर.

‘दृश्यम्’चंही तेच. जीतू जोसेफचा मल्याळम सिनेमा २०१३चा, आपल्या निशिकांत कामतने हिंदीत २०१५ साली गोव्यात आणून बसवला. चौथी नापास केबलवाला, आणि समोर पोलीस महानिरीक्षक असलेली एक आई. तब्बूची ती अधिकारी खलनायिका नाही, तिचा मुलगा खरोखरच मेलाय. तिचं म्हणणं आपल्या नायकाइतकंच खरं आहे म्हणून तर घाम फुटतो. या गोष्टीचा चीनमध्येही २०१९ साली रिमेक झाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण निर्माते मंडळींचं ठरलेलं म्हणणं असतं की पाच भाषांत सिनेमा लावायचा तर चाल, धूर आणि बंदूक लागते, गोष्ट काही भाषेच्या सीमा ओलांडत नाही. ओलांडते की. चीनपर्यंत गेली.

सीमा ओलांडताना गोष्टीचं काय करतात, हे पाहायचं तर आपलं घरचंच उदाहरण आहे. ‘सैराट’ (२०१६) आणि त्यावरून हिंदीत झालेला ‘धडक’ (२०१८).

‘सैराट’च्या पूर्वार्धात आर्चीला कुणी नाही म्हणत नाही. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर काढते. तिच्या घराण्याचा दरारा असा, की तिचा शब्द खाली पडत नाही. नागराज मंजुळेंनी ते सगळं आजच्या कुठल्याही हिरोच्या एन्ट्रीसारखंच लिहिलंय, स्लो मोशनसकट. आणि मग जात नाही म्हणते. ती कुणा एका खलनायकाच्या तोंडून म्हणत नाही. बाप म्हणतो, भाऊ म्हणतो, पोलीस ठाणं म्हणतं, आणि पारश्याच्या बापाला पंचायतीपुढे स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी लागते. उत्तरार्धात हैदराबादेत तर रोजचं जगणं नाही म्हणू लागतं. झोपडपट्टीतला वास, बाटलीकारखान्यातलं काम, न येणारी भाषा, पारश्याचा संशय. बुलेटवाली पोरगी चिडून निघून जाते आणि परत येते. हा भाग लांबतो, कंटाळवाणा आहे, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली. मला तोच सिनेमाचा सर्वांत श्रीमंत भाग वाटतो. ज्या मुलीला कधी कुणी अडवलं नाही, ती अडवली गेल्यावर कशी वागते, हे तिथे सावकाश, न घाबरता दाखवलंय. म्हणून शेवटच्या त्या बाळाच्या पावलांनी माणसं खुर्चीला खिळून राहिली.

‘धडक’ने करमाळ्याचं उदयपूर केलं, ते ठीक. काही गाणी तीच ठेवली, तेही ठीक. पण जात जवळजवळ न उच्चारता बाजूला ठेवली. उरलं काय, तर राजकारणी बाप, घराण्याची अब्रू, निवडणूक. म्हणजे नाही म्हणणाऱ्या गावाच्या जागी नाही म्हणणारा एक माणूस. शेवट तर बदलला, मुलगी वाचली, नवरा आणि बाळ गेलं. धक्का बसतो, पण रस्त्यात अचानक कुत्रं आडवं आल्यावर बसतो तसा. ‘सैराट’मधला नकार पहिल्या रीळापासून त्या घरात राहायला आलेला होता. ‘धडक’मधला शेवटच्या दिवशी पाहुणा म्हणून आला.

मग हे का होतं? लेखकांना लिहिता येत नाही, हे मला पटत नाही. तेच लेखक ओटीटीवर जातात आणि नीट लिहितात. ‘स्कॅम १९९२’मध्ये हर्षद मेहतासमोर सुचेता दलाल उभी राहतेच की. उत्तर मला धंद्याच्या रचनेत दिसतं. तारा हाच अनेकदा निर्माता किंवा भागीदार असतो. त्याच्या व्यक्तिरेखेला कुणी प्रसंगभर निरुत्तर करणं म्हणजे मालाच्या किमतीला धक्का. सिनेमा विकला जातो तो टीझर, ट्रेलर, गाणं, इंटरव्हलचा धमाका, मोबाईलवरची तीस सेकंदांची चिंधी अशा तुकड्यांत. हंगलचा प्रसंग तीस सेकंदांत कापून बघा, त्यात फक्त एक म्हातारा बोलताना दिसेल. त्याचं वजन आधीच्या दीड तासात आहे, आणि तो दीड तास ट्रेलरमध्ये मावत नाही. शुक्रवार ते रविवार एवढ्यातच पैसा वसूल व्हायचा असेल, तर सोमवारी कुणाच्या मनात काय रेंगाळतं याच्याशी कुणाला देणंघेणं उरत नाही. त्यात लेखक हा साखळीतला सगळ्यात स्वस्त माणूस. ‘झंजीर’च्या (१९७३) वेळी सलीम-जावेदनी रंगारी गाठून मुंबईभरच्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली होती. तो किस्सा आपण गंमत म्हणून सांगतो. त्यात एक मागणी होती. पटकथेवर ज्याचं नाव ठळक आहे, तोच ताऱ्याला ‘हे असंच राहील’ असं म्हणू शकतो. पडद्यावर हिरोला नाही म्हणणारं कुणी हवं असेल, तर आधी पडद्यामागे असावं लागतं.

‘लोकांना हेच हवंय’ यावर फार वेळ घालवत नाही. ज्या वर्षी ‘अ‍ॅनिमल’ आला, त्याच वर्षी महिनाभर आधी ‘ट्वेल्थ फेल’ आला होता. चंबळमधल्या शाळेत परीक्षेला सर्रास कॉपी चालते, एक पोलीस अधिकारी येऊन ती थांबवतो, आणि नायकासकट सगळी पोरं नापास होतात. तिथून गोष्ट सुरू होते. कसलीही मारामारी नसलेला तो सिनेमा आठवडेच्या आठवडे चालला. ‘अ‍ॅनिमल’ने त्याच्या कित्येक पट पैसा केला, हे मान्य. पण लोकांना दुसरं काही नकोच असतं, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्या ऐतिहासिक सिनेमांचा, कारण इथे तर सोन्याची खाण आपल्या मालकीची आहे. ‘छावा’ (२०२५) शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. विकी कौशलची मेहनत, अक्षय खन्नाचा थिजलेला औरंगजेब, सगळं मान्य. पण सिनेमा सुरू होतो तो थोरल्या महाराजांच्या निधनानंतर. म्हणजे संभाजीराजे १६७८च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परत आले, ते तोवर घडून गेलेलं आहे. मराठी इतिहासातलं बाप-लेकाचं सगळ्यात अवघड पान, आणि सुरुवात अशी निवडली की ते उलटावंच लागू नये. १६८१च्या कटानंतर ज्यांना देहदंड झाला त्यांत बाळाजी आवजी चिटणीस होते. त्यांचाच मुलगा खंडो बल्लाळ पुढे त्याच गादीची चिटणिशी करतो, राजारामांच्या जिंजीच्या दिवसांपर्यंत निष्ठेने. ज्या राजाने बापाला मारलं त्याच्यासमोर रोज सकाळी लेखणी घेऊन बसणारा मुलगा! यावर एक अख्खा सिनेमा उभा राहील. येसूबाईंनी १६८९मध्ये रायगडावर स्वतःच्या लेकाऐवजी दिराला पुढे केलं, त्याला गडाबाहेर काढलं, आणि स्वतः सुमारे तीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढली. असा निर्णय घेऊ शकणारी बाई त्याआधी नवऱ्यासमोर काय बोलत असेल? सिनेमात तिच्या वाट्याला मुख्यतः काळजी आणि औक्षण.

‘छावा’चा शेवटचा भाग लोकांना हलवून गेला, आणि मी त्यांना हसणार नाही. तिथे खरोखरच एक नकार आहे, तो नायकाचा स्वतःचा, औरंगजेबासमोरचा. पण तोवरच्या दोन तासांत त्याला कुणी काही विचारलेलंच नसल्यामुळे, हा माणूस कशाकशाला हो म्हणू शकला असता हे आपल्याला कळत नाही. मग उरतात त्या यातना.

भावना दुखावतील, मोर्चे येतील, वंशज नोटिसा पाठवतील, ही भीती खोटी नाही. पण वसंत कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं आणि गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणलं, तेव्हा समोर बसलेला महाराष्ट्रही शिवभक्तच होता. अख्ख्या मुलखावर जरब असलेला राजा आपल्या घरातलं भांडण मिटवू शकत नाही, मुलगा बापाला सुनावतो, बाप मुलाला. काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीवर शिट्ट्या पडायच्याच. तारा होता, एन्ट्री होती, सगळं होतं. त्यामुळे महाराज लहान झाले असं कुणाला वाटलं नाही.

या सगळ्याने माझं काय बिघडतं? मी अधूनमधून महाविद्यालयीन मुलांच्या लेखन-कार्यशाळांना जातो, त्यांच्या एकांकिका वाचतो. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांत चुका असायच्या त्या मला ओळखीच्या होत्या: फार भाषण, फार रडारड, शेवटी आत्महत्या. हल्ली वेगळंच दिसतं. पात्र रंगमंचावर येतं, बाकीचे त्याच्याबद्दल बोलतात, प्रकाश बदलतो, ते जातं. पुन्हा येतं. पोरं हुशार आहेत, निरीक्षण चांगलं, गावाकडची भाषा झकास. पण दोन माणसं समोरासमोर आणून दोघांनाही बरोबर ठरवायचं, हे त्यांच्या हातून होतच नाही, कारण तसं त्यांनी फारसं पाहिलेलंच नाही.

मागच्या खेपेला एका मुलाची एकांकिका होती. थोरला भाऊ वडिलार्जित जमीन विकून गावात जिम काढतो. धाकटी बहीण त्या जमिनीत वाटेकरी. मी विचारलं, ती काहीच कशी म्हणत नाही? तो म्हणाला, “सर, पण हिरो तो आहे ना.” मी म्हटलं, असू दे. एकच प्रसंग लिही, ती नाही म्हणते. सहीला हात लावत नाही. मग बघू तुझा हिरो काय करतो.

आठवड्याने त्याने नवी संहिता पाठवली. बहीण आता नाही म्हणते. तीन वाक्यं, तिन्ही चांगली. चौथ्या वाक्याला भाऊ वळून नुसता बघतो, कंसात ‘पार्श्वसंगीत’ असं लिहिलंय, आणि ती सही करते.